ताई, माइक काहून बंद असतो?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, आणि एकदाच लिहितेय. मावसभाऊ विचारतो, ऑफिसातली नवीन पोरं विचारतात, भाचीचे दोस्त विचारतात: ताई, तू एवढे गेम खेळते, मग आमच्यासोबत ऑनलाइन काहून येत नाही, आणि आली तरी माइक काहून बंद असतो? दर वेळी मी काहीतरी ठोकून देते. हेडफोन खराब आहे, पोरगा झोपलाय, कूलरचा आवाज येतो. कूलरचं खरं आहे, त्यावर येतेच पुढे.

आधी एक सांगते. खेळता येत नाही म्हणून लपते असं ज्याला वाटतं त्याने नागपुरात महाल भागात आमच्या मामाकडे चौकशी करावी. उन्हाळ्याच्या सुट्ट्या, एक कॉम्प्युटर, आठ-दहा भावंडं, आणि मला टर्न कधी, तर कुणी मेलं आणि तो पाणी प्यायला उठला की. जीटीए व्हाइस सिटी या गेममध्ये ते मिशन आहे ना, रिमोटच्या हेलिकॉप्टरने बांधकामाच्या बिल्डिंगमध्ये एकेक करून चार बॉम्ब नेऊन ठेवायचे, तिथे सगळे दादा लोक अडकून बसले होते, कीबोर्ड आपटून झाला, एकमेकांना भैताड म्हणून झालं, शेवटी "ए, तिला बोलवा रे". मी केलं ते मिशन. शाबासकी वगैरे काही नाही, मिशन पासचं म्युझिक वाजायच्या आत खुर्चीवरून उठवलं मला. मग पुढे कोणतंही नाजूक काम निघालं की मीच, आणि बाकी वेळ सोफ्यावर.

त्याच घरात आयजीआय पण होता, लपतछपत शत्रूच्या तळात घुसायचा बंदुकीचा गेम. त्याच्या आठवणींनी लोकांचा गळा दाटून येतो, माझा नाही येत. मिशनच्या मध्ये सेव्हच करता येत नाही, अलार्म वाजला की बराकीतून माणसं येतच राहतात, आणि आमच्याकडे तेव्हा भारनियमन. शेवटच्या गेटपाशी पोचलं की लाईट गेलीच. याला कुणी चॅलेंज म्हणत असेल तर म्हणो बापडा. क्रिकेट ०७ बद्दल मात्र एक शब्द ऐकून घेणार नाही. तो काढणाऱ्या ईए कंपनीने त्यानंतर मोठा क्रिकेट गेम काढलाच नाही आणि पोट्टे अजून त्याच्यावर नवीन जर्सीचे पॅच चढवून आयपीएल खेळून राहिले, यातच सगळं आलं. नंतर आलेले क्रिकेट २२, क्रिकेट २४ दिसायला चांगले आहेत, पण फिल्डर बॉल सोडून भलतीकडे पळतो तेव्हा मी गेम बंद करून खरी मॅच लावते.

मोठेपणी स्वतःच्या पैशाने घेतलेल्या गेमांबद्दल पण विचारता म्हणून पटापट सांगते. रेड डेड रिडेम्प्शन २ सुंदर आहे आणि भयंकर हळू आहे, दोन्ही खरं, पहिले काही तास नुसता बर्फ तुडवायचा, पण त्यातला नायक आर्थर मॉर्गन शेवटी शेवटी असा काही घरातलाच माणूस होतो की त्याच्याबद्दल मी इथे बोलणार नाही. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० ला आला तेव्हा इतका मोडका होता की सोनीने स्वतःच्या प्लेस्टेशन स्टोअरवरून काढून टाकला, मी २०२३ च्या मोठ्या अपडेटनंतर घेतला आणि मला आवडला, घाई करणाऱ्यांनी आपल्या पैशाने टेस्टिंग केलं, त्यांचे आभार. एल्डन रिंग मी सोडला. लाज नाही वाटत. नोकरी करून आल्यावर पुन्हा कुणाच्या तरी हातून तासभर मार खाण्यात काय मजा आहे हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही, "खेळ सुधार" एवढंच सांगतात.

पण एल्डन रिंगमधली एक गोष्ट मनात राहिली. तिथे दुसरे खेळाडू जमिनीवर मेसेज लिहून ठेवतात, पुढे खड्डा आहे, इकडे खजिना आहे, असे. स्वतःचं काही टाइप करता येत नाही, दिलेल्या शब्दांतूनच जोडायचं. (तरी पोट्ट्यांनी त्या शब्दांतून पण घाण जोक बनवलेच, कौतुक आहे.) आणि जर्नी नावाचा एक छोटा गेम आहे, २०१२ चा, वाळवंटात चालत राहायचं, मध्येच जगातला कुठलातरी अनोळखी खेळाडू भेटतो, त्याचं नाव दिसत नाही, बोलता येत नाही, फक्त एक सूर काढता येतो. नावं कळतात ती गेम संपल्यावर, शेवटच्या पाट्यांनंतर. तो बनवताना त्यांनी आधी खेळाडूंना एकमेकांना ढकलता येईल असं ठेवलं होतं, तर लोक मदत करायची सोडून दुसऱ्याला ढकलून मारूनच राहिले, मग ते काढून टाकलं आणि उलट केलं, जवळ आलात की दोघांनाही उडायची ताकद मिळते. तेच लोक, आणि एकदम गुणी बाळं. मी कितीतरी दिवस हे उदाहरण सगळ्यांना देत होते, की माणसं वाईट नसतात, गेम कसा बनवलाय त्यावर आहे सगळं. आता तेवढ्या ठामपणे नाही म्हणता येत.

आता ते.

गेमचं नाव लिहीत नाही, कारण उद्या हेच दुसऱ्या गेममध्ये होईल. पाच विरुद्ध पाच, एका टीमने बॉम्ब लावायचा, दुसरीने निकामी करायचा, तुम्हा सगळ्यांना माहीत आहे तो प्रकार. त्यात माइक बंद ठेवून खेळणं म्हणजे अर्धं खेळणं, कारण कोण कुठून येतंय हे सांगणं हेच अर्धं काम. तेव्हा मी माइक चालू ठेवायची. मुलगी आहे कळलं की जे ठरलेलं असतं ते असायचंच, "तू हील करणारं कॅरेक्टर घे", "बॉयफ्रेंडच्या अकाउंटवरून खेळते का", दिल्लीकडच्या पोरांच्या शिव्या. ते सगळं मला पाठ झालं होतं. म्यूट करायचं, पुढे जायचं.

मे महिना, रात्रीचे साडेनऊ-दहा, खोलीत कूलर धडधडतोय, मी सांगितलं "दो जन बी पे", म्हणजे बॉम्ब लावायच्या बी नावाच्या जागेवर दोघं आहेत. जरा शांतता. मग एक पोरगा, आवाज अगदी कॉलेजातला, म्हणाला, "ताई, मागे कूलर आहे का? नागपूर का?" मला हसूच आलं. म्हटलं, हो, तुला कसं कळलं. तर म्हणे, "एवढ्या उन्हात आणखी कोण बसते बे कूलर लावून, खस बदला ताई, वास पण येऊन राहिला इथपर्यंत." खरं सांगते, मला फार मस्त वाटलं. इतकी वर्षं खेळून ऑनलाइन आपल्या गावचं बोलणं ऐकायला मिळालं नव्हतं. मग काही राउंड आम्ही धमाल खेळलो, मधे मधे तर्री पोहे कुठले भारी यावरून भांडण, त्याचं मत चुकीचं होतं, पण ठीक आहे.

मग एक राउंड असा आला की टीममधून मी एकटी उरले, समोर दोघं. एकाला मारलं. बॉम्ब निकामी करायला बसले, अर्धा झाला, पावलं ऐकू आली, उठले, वळले, मेले. आजही तिथे मी तेच करीन, बसून राहिले असते तर पाठीत खाल्ली असती. पण त्याचं डोकं फिरलं. मघाचाच आवाज, मघाचीच बोली, आणि त्यात जे काही सुरू झालं ते मी इथे लिहिणार नाही, तुम्हाला अंदाज आहे. आई, बहीण, मग मी, मग माझं शरीर, एकेक. बाकीचे तिघं चूप. मी माइक बंद केला. त्याला म्यूट करायला गेले तेवढ्यात त्याच्या मागून एका बाईचा आवाज आला, लांबून, स्वयंपाकघरातून असावा, "अरे, पोळ्या थंड होऊन राहिल्या, कितीदा आवाज द्यायचा?" आणि हा पोरगा, त्याच क्षणी, इतक्या गोड आवाजात, "आलो ना आई, लास्ट राउंड आहे."

माझा हात तसाच राहिला. का नाही म्यूट केलं हे मला नवऱ्याने पण विचारलं, तुम्ही पण विचाराल. मला वाटलं, आता गप्प होईल, आईने हाक मारली ना.

तो परत आला तेव्हा ओरडत नव्हता. शांतपणे विचारलं, "कुठे राहते? मानेवाडा?" थांबला. "सक्करदरा?" थांबला. "प्रताप नगर? त्रिमूर्ती नगर?" उत्तराची वाट पाहिल्यासारखा प्रत्येक नावानंतर थांबत होता, मागे दुसरा कुणीतरी हसत होता. माझा माइक बंदच होता. त्या नावांपैकी एक बरोबर होतं.

मॅच अर्धवट सोडली की पेनल्टी लागते म्हणून मी शेवटपर्यंत बसून राहिले, हे वाचायला किती मूर्खपणाचं वाटतं मला कळतंय. हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि खेळत राहिले. शेवटी त्या गप्प तिघांपैकी एकाने "जीजी" टाइप केलं, म्हणजे गुड गेम.

आता तुमची उत्तरं मला माहीत आहेत. रिपोर्ट केलं का? केलं. "पोट्टे असतात ताई तसे, त्याला काय घर माहीत होतं का?" नव्हतं माहीत, हो. एवढ्या लाखोंच्या शहरात कोण कुणाला शोधते. हे सगळं मी स्वतःला सांगून झालंय. दिल्लीचा शिव्या देतो तेव्हा तो स्पीकरमधून येणारा आवाज असतो, बंद केला की गेला. हा बंद केल्यावर पण इथेच राहतो, माझ्याच ट्रॅफिकमध्ये अडकतो, त्याच आंब्याच्या गाड्यापाशी उभा असतो. अजून पोह्याच्या ठेल्यावर कुणी पोट्टा मोठ्याने बोलला की मी आधी आवाज ऐकून घेते, मग प्लेट हातात घेते. आणि त्या आईच्या हाकेमुळे मला त्याचा धड राग पण येत नाही, याचाच जास्त राग येतो.

तेव्हा मी विचर ३ खेळत होते. त्यात तो दारुडा बॅरन आहे, बायकोला मारणारा, आणि गेम तुम्हाला हळूहळू त्याचं दुःख दाखवत नेतो, शेवटी तुम्ही त्याचा न्याय करायच्या लायकीचे उरत नाही. लिहिलंय अप्रतिम. मी पण सगळ्यांना सांगत फिरायचे की गेम म्हणजे टाइमपास म्हणणाऱ्यांनी हे खेळावं. त्यानंतर पुन्हा एकदा सुरुवातीपासून लावला तेव्हा बॅरनपाशी येऊन थांबले, समजून घ्यायची हौसच नव्हती. त्यातलेच ग्वेंटचे पत्ते खेळत बसले, जिला शोधायचं असतं ती सिरी सापडायची राहिली ती राहिलीच. गेम बिघडला का मी, माहीत नाही.

आणि हे फक्त गेमवाल्या पोट्ट्यांचं आहे असंही समजू नका. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला बुद्धिबळातला महिलांचा वर्ल्ड कप जिंकला, ग्रँडमास्टर झाली, तेव्हा आपण सगळ्या नागपूरकरांनी स्टेटस ठेवले, मी पण ठेवलं. तिनेच जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्सची वाइक आन झीची टूर्नामेंट खेळून झाल्यावर लिहिलं होतं की प्रेक्षक तिच्या खेळापेक्षा कपडे, केस आणि बोलायची ढब यावरच बोलत होते. अठरा वर्षांची होती. बुद्धिबळात तर माइक पण नसतो.

आता माझ्यातली जुनी बाई मला काय म्हणते तेही सांगते, कारण ती रोज भांडते. ती म्हणते, तूच भाचीला शिकवलंस ना, माइक चालू ठेव, आपली जागा सोडायची नाही, आपण गप्प बसलो की त्यांना वाटते इथे मुली खेळतच नाहीत. बरोबर आहे तिचं. मी तिला म्हणते, तुला त्याने एरिया विचारला नव्हता. ती म्हणते, मग हिंदीत बोल, इंग्रजीत बोल, व्हॉइस चेंजर लाव. लावला होता. एका मॅचपुरता. माझ्याच गावात मी आवाज बदलून बसायचं म्हटल्यावर मला खेळताच येईना. आणि आता भाची बारा वर्षांची आहे, तिला स्वतःचं अकाउंट पाहिजे, ती मला विचारते माइक ठेवू का, तर मी "आईला विचार" म्हणून सुटते. जुनी बाई त्यावर काय बोलते ते नको.

तर माइक बंद असतो तो यासाठी. तुमच्यापैकी कुणावर संशय नाही, पण मला धरून आपण चौघं होतो आणि पाचवा तुम्ही रँडम, कुणीतरी अनोळखी घेता. तेवढा पाचवा ओळखीचा आणा, मी येते, आणि मग हरलो तर मला बोला बिनधास्त, मी पण बोलीन.

नाहीतर इट टेक्स टू नावाचा गेम आहे. दोघांशिवाय खेळताच येत नाही, खेळायला इतका भारी की प्रत्येक लेव्हलला नवीनच काहीतरी, आणि गोष्ट मात्र उपदेशाची, भांडणाऱ्या नवरा-बायकोला एक बोलणारं पुस्तक संसार शिकवते. नवऱ्यासोबत सुरू केला होता, त्या खेळण्यातल्या हत्तीच्या सीननंतर तो उठून गेला तो परत आलाच नाही, मी त्याला दोष देत नाही, तो सीन आहेच तसा. फ्रेंड्स पास आहे, दुसऱ्याला विकत घ्यावा लागत नाही. ज्याला यायचं असेल त्याने शनिवारी जेवणं झाल्यावर मेसेज करा. माइक चालू राहील. पुस्तक बोलायला लागलं की दोघांनी मिळून स्किप मारायचं, त्यावर चर्चा नाही.