नववा दिवस

डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी पुढचं सगळं कागदावर मांडून दिलं: दर २१ दिवसांनी एक असे केमोच्या लाल औषधाचे ४ डोस, मग पॅक्लिटॅक्सेल या दुसऱ्या केमो औषधाचे दर आठवड्याला एक असे १२. पण घरी आल्यावर जे प्रश्न पडायचे, ते त्या कागदावर कुठे असणार?

केमोच्या वेळी शेजारच्या खुर्चीत बसलेल्या ताईंनी मला त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं. सोलापूर, जालना, सातारा, एक दुबईची, सगळ्या याच वाटेवरच्या बायका. नियम दोनच. कुणी कुणाला औषध सुचवायचं नाही, आणि गोमूत्र, पपईच्या पानांचा रस असले फॉरवर्ड टाकायचे नाहीत. नातेवाइकांकडून तेच रोज येत होतं, त्यामुळे या दुसऱ्या नियमाचं मला फार मोल वाटतं.

पहिल्या डोसनंतर लघवी लाल होते, ते रक्त नाही, औषधाचा रंग आहे, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. दोन-तीन आठवड्यांत उशीवर केस दिसू लागतील, त्याआधीच बारीक करून घे. तोंड आलं की कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा घालून गुळण्या. तसंच होत गेलं, आणि प्रत्येक गोष्टीची भीती निम्मी झाली.

डोसनंतर नवव्या दिवशी रात्री साडेअकराला अंगात कणकण भरली. थर्मामीटरमध्ये १००.८. क्रोसिन घेऊन झोपते, सकाळी बघू, एवढंच ग्रुपवर लिहिलं. दोन मिनिटांत सोलापूरच्या काकूंचा फोन. "गोळी घेऊ नकोस गं. ताप उतरेल, आतलं इन्फेक्शन तसंच राहील. फाईल काढ, इमर्जन्सीचा नंबर लाव आणि नीघ. मी फोन ठेवत नाही." ह्यांनी फाईल पलंगावर उपडी केली. नंबर डिस्चार्ज कार्डाच्या मागे होता, बारीक अक्षरात.

इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी अगदी तळाला गेल्या होत्या. लगेच सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू झालं, पाच दिवस ॲडमिट. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पेशी सगळ्यात कमी असतात, तेव्हा १००.४ च्या वर ताप गेला की सकाळची वाट बघायची नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे. त्या दिवशी माझ्या कानांवरून फक्त आवाज जात होता.

घरच्या माणसांचा वेगळा ग्रुप आहे. हे त्यात होते, मला पत्ताच नव्हता. माझ्यासमोर कधी हूं की चूं केलं नाही, पण तिथे विचारायचे, "उलटी झाल्यावर हिला किती वेळानं पाणी देऊ?"

काकूंचा आजार पुढे लिव्हरमध्ये गेला. श्रावणात त्या गेल्या. त्यांचा नंबर अजून कुणी ग्रुपमधून काढलेला नाही, आणि काढूही नये असं मला वाटतं.

माझी आता टॅमॉक्सिफेन ही हार्मोनवरची गोळी चालू आहे. जालन्याच्या एका मुलीचा दुसरा डोस मंगळवारी झाला. पुढचा आठवडाभर मी रात्री फोनचा आवाज चालू ठेवून झोपणार आहे.