तुम्ही विचारलंत म्हणून: रेडिओ डायरेक्ट बॅटरीला का?

माझ्या जीपमध्ये हॅम रेडिओचा सेट आहे, म्हणजे लायसन्स काढून हौसेने चालवायचा, ऐकायचा आणि बोलायचाही वायरलेस. बॉनेट उघडलं की कुणी ना कुणी विचारतंच. "इग्निशनवरून लाइन घ्या की हो. किल्ली काढली की सेट बंद. डायरेक्ट बॅटरीला कशाला?" क्लबच्या मीटिंगला विचारून झालंय, पेट्रोल पंपावर झालंय, सासऱ्यांनी तर भर पंगतीत विचारलंय. मी "सवय" म्हणतो आणि विषय बदलतो. आज एकदाच सांगून टाकतो.

आधी कबुली. मी स्वतः इग्निशनवालाच होतो, आणि चांगला कट्टर. त्याआधी सेट डायरेक्टच होता. एका गणपतीला गावी गेलो, तो चालू राहिला. नुसतं ऐकतानाही तो अर्धा अँपिअर खातो, म्हणजे दिवसाला 12 अँपिअर-तास. बॅटरी 45 ची, त्यात म्हातारी. चौथ्या दिवशी सेल्फ मारला तर नुसतं टक. सगळ्या भावकीने उतारावरून जीप ढकलली. पुण्याला आल्या आल्या मी रिले आणला आणि सेट किल्लीवर घेतला. डोक्याचा ताप गेला.

फक्त तो सेट सेकंडहँड होता. आतला लिथियमचा सेल मेलेला. बाहेरून 12 व्होल्ट मिळताहेत तोवरच त्याला सगळं आठवायचं. किल्ली काढली की पाटी कोरी. सेल बदलायचा ना मग? बदलायला हवा होता. तो बोर्डावर सोल्डर केलेला असतो आणि मला सेट उघडायचा कंटाळा. रोज सकाळी फ्रिक्वेन्सी, शिफ्ट (ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतला फरक), टोन (रिपीटर उघडणारा सूर) परत भरायला मिनिट लागत नाही, उलट हात बसतो, असं मी लोकांना ऐकवायचो. त्या माणसाला आज भेटलो तर काय बोलेन सांगता येत नाही.

जुलै महिना, वरंधा घाट. आमच्यातले काही जण सायकलवर भोरहून महाडकडे, मी मागून जीप घेऊन. भोरला बेसवर एक लायसन्सवाला मित्र. मोबाइलला रेंज नाही, रिपीटर, म्हणजे आपलं बोलणं उचलून दूरवर पुन्हा पाठवणारं स्टेशन, एखाद्या वळणापुरता लागायचा. अशाच एका वळणावर, शेवाळावरून, आमच्यातला एक घसरला. खांद्याजवळचं हाड मोडल्याचं बघूनच कळत होतं. त्याला मागच्या सीटवर टेकवला, अंगावर माझा रेनकोट टाकला. खाली न्यावा, तर जरा हललं की ओरडायचा. इंजिनाच्या धडधडीत ऐकू येईना म्हणून किल्ली बंद केली, आणि रेडिओसाठी परत अर्धी फिरवली.

स्क्रीनवर 144.000. पाटी कोरी.

ओल्या बोटांनी नॉब फिरवत फ्रिक्वेन्सीवर आणला. लगेच आवाज आला, स्पष्ट: "मागची गाडी, कुठे आहात?" मी बटण दाबून सगळं सांगितलं. वळण, माणूस, हाड, रुग्णवाहिका पाठवा. बटण सोडलं. "मागची गाडी, ऐकताय का?" परत सांगितलं. "मागची गाडी, कॉल देतोय." त्याचं अक्षर न् अक्षर मला ऐकू येत होतं. माझं त्याच्यापर्यंत काही पोचत नव्हतं.

मला वाटलं अँटेना. पावसात उतरलो, टपावरचा मॅग्नेट माउंट इकडचा तिकडे केला, कनेक्टर काढून बनियनला पुसला, परत लावला. आत येऊन बटण दाबलं. परत बाहेर. पंचवीस मिनिटं हेच. मागून त्याने विचारलं, "काय म्हणतायत?" मी म्हटलं, "येतायत."

शेवटी भोरकडे जाणाऱ्या एका टेम्पोवाल्याच्या हातात चिठ्ठी दिली. तो वळणाआड गेला, मी सीटवर बसलो आणि तेव्हा कुठे दिसलं: आकड्यांशेजारी शिफ्टची वजाची खूण नाही, टोनचा 'टी' नाही. जिथे ऐकत होतो तिथेच बोलत होतो. रिपीटर बसलाय 600 किलोहर्ट्झ खाली कान लावून, आणि तिथेही टोन मिळाल्याशिवाय उघडत नाही. दोन्ही भरलं. पहिल्याच हाकेला उत्तर: "अरे आहेस कुठे!"

हाड जुळलं. तो अजून सायकल चालवतो. 'येतायत'चं मात्र मी त्याला सांगितलेलं नाही.

पुढच्या रविवारी बॅटरीच्या टर्मिनलला लग बसवला, तिथून वीतभर अंतरावर 20 अँपिअरचा फ्यूज, फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) रबरी ग्रोमेट घालून वायर आत. सेट बंद ठेवून मीटर लावला: 6 मिलीअँपिअर. महिन्याला साडेचार अँपिअर-तासही नाहीत. (मायनसलाही फ्यूज हवा का, हे मला विचारू नका. त्यावरून आमच्याकडे दोघांनी बोलणं टाकलंय.)

तुम्ही म्हणाल, दोष वायरिंगचा कुठे, मेलेल्या सेलचा. बरोबर. खूण न बघणाऱ्याचा. तेही बरोबर. आताचे सेट सगळं चिपमध्ये धरून ठेवतात, मग अजून डायरेक्ट का? तर 50 वॅटवर बोलताना सेट दहा-अकरा अँपिअर ओढतो, किल्लीकडून आलेल्या बारीक वायरवर व्होल्टेज पडतं, आवाज चिरका होतो. ही कारणं खरी आहेत. पण मला ती नंतर सुचली, हेही खरं. आणि डायरेक्ट केल्यापासून सेट चालू राहून बॅटरी दोनदा बसली. दुसऱ्यांदा भिगवणला, पहाटे पाचला, फ्लेमिंगो बघायला निघालो होतो. बायको त्या दिवशी काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

व्यावसायिक सेटना इग्निशन ओळखणारी वेगळी बारीक वायर असते: मुख्य लाइन बॅटरीवर, चालू-बंद किल्लीवर. माझ्या सेटला ती नाही.

परवा पुतण्या नवी गाडी घेऊन आला. "काका, सेट बसवून द्या." बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या मायनसवरच करंट मोजणारा सेन्सर. म्हणजे मायनस बॉडीला घ्यायचा, आणि प्लसला हात लावला तर वॉरंटीचं काय, ते कुणी छातीठोक सांगेना. "इग्निशनवरून घेऊ या का मग?" तो म्हणाला. वायरचं बंडल अजून त्याच्या डिकीतच आहे.