शनिवारची पहिली वेलांटी आता नीट बसते: ओलेड पडद्यासाठी ब्लिट

१२८ बाय ६४ पिक्सेलच्या छोट्या ओलेड पडद्यावर (चिप एसएसडी १३०६) मराठी वार आणि वेळ दाखवणारं घड्याळ करतोय, हे मागच्या नोंदी वाचलेल्यांना ठाऊक आहे. अक्षरांची चित्रं काढून झाली होती. आता ती पडद्याच्या बफरमध्ये (पडद्याकडे पाठवायचं चित्र रॅममध्ये जिथे तयार होतं त्या जागेत) हव्या त्या जागी उतरवणारं फंक्शन, म्हणजे ब्लिट, पूर्ण झालं आहे. खरं काम इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पडद्याची मेमरी. ६४ ओळींचे ८ पट्टे असतात, त्यांना डेटाशीटमध्ये पेज म्हणतात. एक बाइट म्हणजे आडवे नव्हे, तर उभे आठ पिक्सेल. सगळ्यात कमी किमतीचा बिट सगळ्यात वर. पूर्ण पडदा १०२४ बाइटांत मावतो. घड्याळ चालवणाऱ्या आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावरच्या एटीमेगा ३२८पी चिपमध्ये रॅमच २०४८ बाइट आहे, त्यातली निम्मी बफरमध्येच जाते. अक्षरं अर्थातच फ्लॅशमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम जिथे राहतो त्या कायमच्या मेमरीत.

माझी अक्षरं २४ ओळी उंच, म्हणजे बरोबर तीन पेज. y (अक्षर वरून कितव्या ओळीपासून सुरू होतं तो आकडा) आठच्या पटीत असेल तर बाइट उचलून ठेवले की झालं. पण ओळ तीन पिक्सेल खाली सरकवायची म्हटली की प्रत्येक बाइट दोन पेजमध्ये विभागला जातो. एकेक पिक्सेल लावत जाणारं फंक्शन लिहायला सोपं आहे, पण १२८ बाय २४ च्या एका ओळीला ३०७२ वेळा पत्ता काढा, बिट काढा, लावा. बाइटच्या हिशेबाने तीच ओळ ३८४ बाइटांची.

उनोच्या चिपला बाइटमधले बिट एका फटक्यात अनेक घरं सरकवता (शिफ्ट करता) येत नाहीत, एका सूचनेत एकच घर सरकतं. गुणाकार मात्र दोन क्लॉकमध्ये होतो आणि उत्तर १६ बिटी मिळतं. म्हणून शिफ्टऐवजी दोनच्या घाताने गुणायचं. माझी शिरोरेषा दोन पिक्सेल जाड आहे, वरून सातव्या आणि आठव्या ओळीत, म्हणजे नुसत्या शिरोरेषेचा बाइट १९२. एक पिक्सेल खाली न्यायचं तर १९२ गुणिले २ बरोबर ३८४: उत्तराचा कमी किमतीचा (खालचा) बाइट १२८, तो या पेजचा, आणि जास्त किमतीचा (वरचा) १, तो पुढच्या पेजचा. म्हणजे रेषेची एक ओळ या पेजच्या तळाला आणि दुसरी पुढच्या पेजच्या माथ्याला. तीन पिक्सेल खाली न्यायचं तर १९२ गुणिले ८ बरोबर १५३६: खालचा बाइट शून्य, वरचा ६, अख्खी रेषा पुढच्या पेजमध्ये. एका गुणाकारात दोन्ही पेजचा माल हातात येतो. हे मला फार आवडलं.

मास्क, म्हणजे अक्षराच्या चौकोनाने व्यापलेले बिट दाखवणारा बाइट, हाही तसाच निघतो. २५५ गुणिले ८ बरोबर २०४०, म्हणजे २४८ आणि ७. जुन्या बाइटमधून मास्कचे बिट पुसायचे आणि नवे बसवायचे. मास्कबाहेरच्या शेजाऱ्याला धक्का लागत नाही.

आता वेलांटी. ‘शनिवार’ मधल्या ‘नि’ ची पहिली वेलांटी न च्या आधी उभी राहते आणि तिची कमान न च्या डोक्यावर येते. म्हणजे दोन चित्रांचे चौकोन एकमेकांवर चढतात. न च्या चौकोनात वरच्या सहा ओळी रिकाम्या आहेत. साधी कॉपी केली तर त्या रिकाम्या ओळीही कॉपी होतात आणि कमान तिथेच खुडली जाते, नुसता दांडा उरतो. त्याजागी ‘ऑर’ ने जोडलं (जुन्या किंवा नव्या, कुठल्याही एका बाइटमध्ये लागलेला बिट लागलेलाच ठेवला) की रिकामा बिट काहीच पुसत नाही. कमान राहते, न बसतो, आणि शेजारच्या अक्षरांना एक स्तंभ एकमेकांवर चढवला की शिरोरेषाही सलग होते. मंगळवारचा अनुस्वार आणि शुक्रवारचा उकार याच वाटेने बसले. माझ्या मते देवनागरीसाठी ‘ऑर’ हाच मूळ ब्लिट धरावा. आधी पट्टा पुसून घ्यायचा, एवढीच अट.

वेळेचे अंक याला अपवाद. त्यांना शिरोरेषा नाही, सगळे मी एकाच रुंदीचे ठेवले आहेत, आणि ९ वर ० आला तर जुना ९ पूर्ण जायला हवा. तिथे मास्कवाली कॉपी.

हा सगळा विचार जुना आहे. झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात ऑल्टो संगणकासाठी डॅन इंगल्स, डायना मेरी आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये बिटब्लिट बसवलं, तेव्हा त्यांच्यासमोर १६ बिटी शब्दांच्या सीमेवर हाच प्रश्न होता. अमिगा संगणकाच्या (१९८५) ब्लिटरने, म्हणजे ब्लिट करणाऱ्या खास सर्किटने, तो हार्डवेअरमध्ये नेला: तीन स्रोत, एक लक्ष्य, आणि ते कसे मिसळायचे ते सांगणारा एक बाइट, म्हणजे २५६ प्रकार. माझी मास्कवाली कॉपी तिथे फक्त एक आकडा आहे, २०२.

कडेला कापणं थोडक्यात. वरून सरकत येणाऱ्या ओळीचा y ऋण असतो. उणे ३ ला ८ ने भागलं तर सी भाषेत शून्य आणि बाकी उणे ३ मिळते, ती कामाची नाही. तीन घरं उजवीकडे शिफ्ट केलं (मी वापरतो त्या जीसीसी कंपायलरमध्ये चिन्ह टिकतं) आणि ७ शी ‘अँड’ केलं, म्हणजे शेवटचे तीनच बिट ठेवले, की पेज उणे १ आणि शिफ्ट ५, जे हवं तेच. मग पेज शून्याखाली असेल तर तो अर्धा भाग सोडून द्यायचा. डावीकडे x ऋण असेल तर तितके स्तंभ स्रोतातूनच गाळायचे.

बफरच्या आतल्या आत सरकवताना कॉपीची दिशा बघावी लागते: पट्टा उजवीकडे जाणार असेल तर उजव्या टोकापासून सुरुवात, नाहीतर पुढे लागणारे बाइट आधीच लिहिले जातात. सी भाषेतल्या तयार फंक्शनांपैकी मेममूव्ह हे सांभाळतं, मेमकॉपी सांभाळेलच असं नाही.

बफरमधून पडद्याकडे जाणं हे सगळ्यात संथ. आय-टू-सी (बोर्ड आणि पडदा यांना जोडणारी दोन तारांची वाट) ४०० किलोहर्ट्झवर, प्रत्येक बाइटला पोचपावतीसकट ९ बिट, म्हणजे पूर्ण पडद्याला किमान २३ मिलिसेकंद. म्हणून ब्लिट आता बदललेला चौकोन लक्षात ठेवतं आणि स्तंभ व पेजची हद्द पडद्याला कळवून तेवढंच पाठवतं. सेकंदाच्या एका अंकाचे ३२ बाइट एका मिलिसेकंदाच्या आत जातात.

पुढे महिने घ्यायचे आहेत. ‘मार्च’ चा रफार च च्या दांड्यावर बसायला हवा, पण दांडा प्रत्येक अक्षरात वेगळ्या स्तंभात येतो. त्यासाठी अक्षराच्या माहितीत दांड्याच्या स्तंभाचा एक बाइट वाढवतोय. ‘एप्रिल’ मधला प्र आणि ‘सप्टेंबर’ मधला प्ट ही मात्र सरळ वेगळी चित्रं म्हणून ठेवणार आहे.