सगळ्यांना सारखाच वेळ

सोमवार

गुरुत्वावरच्या आमच्या दोन दिवसांच्या प्रादेशिक परिषदेसाठी भाषणांचे गोषवारे पाठवायची मुदत काल संपली, आज वेळापत्रक मांडायला घेतलं. प्राध्यापक असो वा एमएस्सीला असलेली मुलगी, सगळ्यांना सारखाच वेळ: १२ मिनिटं बोलायला, ३ प्रश्नांना. निमंत्रित व्याख्यान नाही, समांतर सत्रं नाहीत, नोंदणी शुल्क नाही. अमेरिकेत पॅसिफिक किनारा, मिडवेस्ट अशा भागांतून गुरुत्व-संशोधकांच्या छोट्या प्रादेशिक परिषदा वर्षानुवर्षं भरत आल्या आहेत, आणि विद्यार्थ्यांच्या सर्वोत्तम भाषणाला तिथे ‘ब्लू ॲपल’ नावाचं बक्षीस असतं. मोठ्या जागतिक परिषदेत ज्याला जेमतेम पोस्टर लावायला जागा मिळाली असती, त्याला इथे भरल्या सभागृहापुढे उभं राहता येतं. प्रादेशिक परिषद भरवायची ती यासाठीच, आणि बाकीचे निर्णय घेताना हे डोळ्यांपुढे ठेवलं की बरेच वाद आपोआप मिटतात.

हिशेब असा. दीड तासाच्या सत्रात सहा भाषणं, दिवसाला चार सत्रं, म्हणजे २४. दोन दिवसांत ४८. जेवणाला दीड तास आणि चहाला दोनदा अर्धा तास धरला की सकाळी ९ ते संध्याकाळी साडेपाच. नावं ४८ च्या वर गेली की कुणीतरी समांतर सत्रं सुचवतंच. ते टाळावं. दोन खोल्या केल्या की पहिल्यांदा बोलणाऱ्या मुलाच्या वाट्याला त्याचेच गटमित्र येतात, आणि गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या शोधकयंत्रावर काम करणाऱ्याच्या कानावर गणिती सापेक्षतेतलं एक वाक्यही पडत नाही. त्यापेक्षा १० अधिक २ मिनिटं करावीत. दीड तासात सात भाषणं बसतात, वर सहा मिनिटं उरतात आणि एकूण संख्या ५६ होते. ती सहा मिनिटं भरू नयेत, सत्राचा उशीर त्यांतच जिरतो. ५६ ही ओलांडले तर पोस्टरची विनंती आधी ज्येष्ठांना करावी.

मंगळवार

विषयांची विभागणी. गुरुत्वीय लहरींचं (अवकाशकालात उठणाऱ्या तरंगांचं) डेटा विश्लेषण, शोधकयंत्रं, संगणकी सापेक्षता, कृष्णविवरांचे क्षोभ, विश्वरचनाशास्त्र, क्वांटम ग्रॅव्हिटी, गणिती सापेक्षता, गुरुत्वाच्या प्रायोगिक चाचण्या. नोंदणीच्या अर्जात विषय यादीतूनच निवडायला लावला की हे काम तासाभरात होतं. रकाना मोकळा ठेवला तर प्रत्येक जण आपला विषय वेगळ्या शब्दांत लिहितो आणि सगळे गोषवारे वाचून काढावे लागतात. अर्जात आणखी दोन प्रश्न हवेतच: नावाचा उच्चार कसा करायचा, आणि त्याच दिवशी येणार किंवा परतणार आहात का. दुसऱ्याचं उत्तर नसेल तर लांबून येणाऱ्याचं भाषण सकाळी नऊला लागतं आणि तो पोचतो साडेदहाला.

क्रम लावताना दिवसाचं पहिलं भाषण सरावलेल्या माणसाला द्यावं, कारण माइक आणि प्रोजेक्टरच्या कुरबुरी तेव्हाच निघतात. पहिल्यांदा बोलणाऱ्यांना चहानंतरची जागा सगळ्यात चांगली.

स्वीकृतीची पत्रं आजच पाठवणं गरजेचं होतं. लायगो, व्हर्गो, काग्रा या गुरुत्वीय लहरींच्या शोधकयंत्रांच्या संयुक्त सहकार्यात असलेल्या विद्यार्थ्याला आपल्या स्लाइड आधी अंतर्गत तपासणीला द्याव्या लागतात. पत्र उशिरा गेलं तर त्याला मंजुरी वेळेत मिळत नाही आणि ऐनवेळी नाव मागे घ्यावं लागतं. चित्रीकरणही याच कारणाने सरसकट करायचं नाही, प्रत्येकाची वेगळी परवानगी घ्यायची.

गुरुवार

सभागृहाची चाचणी. गुरुत्वाच्या परिषदेत प्रोजेक्टरकडून जरा वेगळ्याच अपेक्षा असतात, त्या सभागृह सांभाळणाऱ्यांना आपणच समजावून सांगाव्या लागतात.

पहिली गोष्ट प्रमाणाची. ४:३ ची स्लाइड १६:९ च्या पडद्यावर ताणून दाखवली तर साध्या आलेखाचं फारसं बिघडत नाही, पण पेनरोज आकृतीचं, म्हणजे सगळा अवकाशकाल एका चित्रात मावेल अशा नकाशाचं, वाटोळं होतं. त्या आकृतीचा सगळा अर्थ प्रकाशकिरण ४५ अंशांत जातो यावर उभा असतो. ताणल्यावर तोच किरण सुमारे ३७ अंशांवर येतो. एम८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराची गोलसर सावलीही लंबवर्तुळाकार दिसते आणि पाहणाऱ्याला ती कृष्णविवर स्वतःभोवती फिरत असल्याची खूण वाटू शकते. प्रोजेक्टरचं ‘ताणून भरा’ सेटिंग बंद करावं, कडेला काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्याव्यात. तपासायला एक वर्तुळ आणि एक चौरस काढलेली स्लाइड पुरते, पट्टीने मोजून घ्यावी.

दुसरी आवाजाची. १४ सप्टेंबर २०१५ ला टिपलेल्या गुरुत्वीय लहरींच्या पहिल्या संकेताची वारंवारिता सुमारे ०.२ सेकंदात ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली. लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरना यातला खालचा भाग झेपतच नाही, फक्त शेवटचा ‘टुप्’ ऐकू येतो आणि ज्याच्यासाठी तो आवाज लावला तो चढच हरवतो. सभागृहाच्या ध्वनिव्यवस्थेला जोडणारी तार हवी आणि ती आदल्या दिवशी वाजवून पाहायला हवी. बरेच जण वारंवारिता मुद्दाम वर सरकवून ऐकवतात. त्यात गैर काही नाही, फक्त तसं स्लाइडवर लिहावं.

तिसरी रंगांची. उजळलेल्या खोलीत स्पेक्ट्रोग्रामचे (वेळेनुसार बदलती वारंवारिता रंगांत दाखवणाऱ्या आलेखाचे) गडद निळे भाग एकमेकांत मिसळतात, करड्या बारीक रेषा दिसेनाशा होतात. पडद्याजवळचे दिवे वेगळ्या बटणावर आहेत का, हे पाहून ठेवलं.

स्लाइड सगळ्यांच्या एकाच लॅपटॉपवर, पीडीएफमध्ये, आदल्या रात्रीपर्यंत. प्रत्येकाने आपला लॅपटॉप जोडायचा म्हटलं तर अदलाबदलीत दोन-दोन मिनिटं जातात. सहा वक्त्यांची बारा मिनिटं, म्हणजे एका विद्यार्थ्याचं पूर्ण भाषण. दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणाचे व्हिडिओ पीडीएफच्या पोटात घातले की दुसऱ्या संगणकावर हमखास अडतात, म्हणून ती फाइल वेगळी मागवायची आणि आम्ही स्वतः चालवून पाहायची.

वक्त्यांना पाठवलेल्या सूचना मोजक्याच ठेवल्या. मेट्रिकची (अवकाशकालातलं अंतर मोजण्याच्या सूत्राची) चिन्हं कोणती धरली (उणे, अधिक, अधिक, अधिक की उलट) आणि जी (गुरुत्वस्थिरांक) व सी (प्रकाशाचा वेग) एक धरलेत का, हे पहिल्या समीकरणाआधी सांगा. नाहीतर प्रश्नांची तीन मिनिटं चिन्हाच्या वादात जातात. शिवाय आपल्या कामातला एक आकडा दुसऱ्या उपविषयातल्या माणसाला कळेल असा मांडा. उदाहरणार्थ, १० च्या उणे २१ व्या घाताइतका ताण (लांबीतल्या बदलाचं मूळ लांबीशी प्रमाण) म्हणजे शोधकयंत्राच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजेत ४ गुणिले १० चा उणे १८ वा घात इतक्या मीटरचा फरक. किंवा जी व सी एक धरून सूर्याचं वस्तुमान लांबीत मोजलं तर सुमारे १.४८ किलोमीटर आणि वेळेत सुमारे ४.९ मायक्रोसेकंद.

शुक्रवार

सत्राध्यक्ष ठरले, बहुतेक पोस्टडॉक आणि वरच्या वर्षांचे पीएचडीचे विद्यार्थी. त्यांना हवं ते असं: ५, २ आणि ० लिहिलेले तीन मोठे पुठ्ठे, वक्त्यांच्या नावांचे उच्चार, आणि प्रत्येक भाषणासाठी तयार ठेवलेला एक प्रश्न. शून्याचा पुठ्ठा दाखवला की उठून उभं राहायचं. ज्येष्ठ वक्त्यापुढेही उभं राहायचं, किंबहुना तिथेच जास्त, कारण पहिल्या सत्रात एका ज्येष्ठाला चार मिनिटं जास्त दिली की पुढे कुणालाच थांबवता येत नाही. पहिला प्रश्न विद्यार्थ्याचा. आणि प्रश्न विद्यार्थ्याला विचारला असेल तर उत्तर त्यानेच द्यायचं, मार्गदर्शकाने मागच्या रांगेतून नाही. हे सत्राच्या सुरुवातीलाच जाहीर केलं की कुणाला लागत नाही.

बक्षिसासाठी परीक्षक निदान तीन, सगळ्यांनी सगळी स्पर्धक भाषणं ऐकलेली. गुणांची बेरीज फसवी असते: एखादा परीक्षक सगळ्यांना ८ ते १० देतो, दुसरा ३ ते ९, आणि निकाल त्या दुसऱ्याच्याच हातात जातो. म्हणून गुण देण्याऐवजी क्रम लावायला सांगितलं आहे. स्वतःच्या विद्यार्थ्याला त्या क्रमातून वगळायचं आणि प्रत्येकाच्या मिळालेल्या क्रमांची सरासरी काढायची.

चहाचा अर्धा तास कापून आणखी दोन भाषणं बसवा, अशी सूचना आज पुन्हा आली. नाही म्हटलं. जानेवारी १९५७ मध्ये अमेरिकेतल्या चॅपल हिलला ब्राइस आणि सेसिल डीविट या भौतिकशास्त्रज्ञ दांपत्याच्या पुढाकाराने गुरुत्वावरची परिषद भरली होती. तिथे भौतिकशास्त्रज्ञ पिरानी यांनी अवकाशकालाची वक्रता प्रत्यक्ष कशी मोजता येईल ते मांडलं, आणि चर्चेत फाइनमन यांनी काठीवर घर्षणाने सरकणाऱ्या मण्यांचा युक्तिवाद पुढे केला: लहर गेली की मणी घासतात, काठी तापते, म्हणजे लहर ऊर्जा वाहून नेते. गुरुत्वीय लहरी खऱ्या की नुसता गणिताचा भास, या वादाला तिथे मोठं वळण मिळालं. त्या परिषदेच्या अहवालात भाषणांबरोबर चर्चाही टिपून ठेवली होती म्हणून हे आज वाचता येतं. प्रत्येक सत्रात एक टिपणकार नेमावा, असं आता वाटतं. प्रश्न, उत्तर आणि विचारणाऱ्याचं नाव, एवढं पुरे.

आज संध्याकाळी दोघांनी नावं मागे घेतली. पुढची भाषणं वर सरकवायची नाहीत. एखादं विशिष्ट भाषण ऐकायला वेळ बघून येणारे असतात, आणि पंधरा मिनिटं आधी उरकलेलं भाषण त्यांच्या दृष्टीने झालंच नाही असं होतं. त्या रिकाम्या जागांवर ‘चर्चा’ असं छापून कागद दारावर लावायला दिला. आता नावाच्या बिल्ल्यांच्या दोन्ही बाजूंना नावं छापायची राहिली आहेत, कारण दोरीत लटकणारा बिल्ला उलटतोच. पदव्या नकोत, नाव मोठं, संस्थेचं नाव त्याखाली.