स्वयंपाकघराची फरशी आणि पाण्याची वाट

फरशी बदलायची म्हटलं की घरातले सगळे आधी रंगावरून भांडतात. मुलीला पांढरीशुभ्र, चकचकीत हवी होती. यांना मळखाऊ. सासूबाईंचं म्हणणं, आहे तीच मोझॅक पॉलिश करून घ्या, कशाला तो धुराळा! (त्यांचं अगदीच चूक नव्हतं. मोझॅक आणि कोटा पुन्हा घासून नवे करता येतात, टाइलच्या नशिबी ते नाही.) मला एकच काळजी होती. रात्री सगळे झोपलेले असताना आरओचा पाइप निसटला, तर पाणी जाईल कुठे?

आमचा नागपूरच्या त्रिमूर्ती नगरातला फ्लॅट जुना, दुसऱ्या मजल्यावरचा. खाली काकू राहतात. आमचं सांडलेलं त्यांच्या छतावर उमटतं.

मिस्त्री म्हणाला, "फोडता काहून ताई? जुन्यावरच चिकटवून देतो, दोन दिवसांत मोकळे." टाइलवर टाइल लावता येते, त्यासाठी वेगळं अ‍ॅडहेसिव्ह मिळतं, हे खरं. पण टाइल आणि अ‍ॅडहेसिव्ह मिळून दीडेक सेंटिमीटर उंची वाढते. म्हणजे स्वयंपाकघर हॉलपेक्षा वर, आणि गळालेलं पाणी थेट सोफ्याखाली. जुनं फोडायलाच लावलं. धुळीवरून सासूबाईंनी आठवडाभर ऐकवलं, ते ऐकून घेतलं.

आता निवड. कोटा मला मनापासून आवडतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा त्यावर अनवाणी उभं राहण्याचं सुख वेगळंच. पण कोटा हा चुनखडीचा दगड. लिंबाचा रस सांडून राहिला की तिथली चमक गेलीच, आणि अ‍ॅसिडने धुतला तर संपलाच. संगमरवराचंही तेच, वर हळदीचे डाग. म्हणून ओट्यासमोर व्हिट्रिफाइड टाइल घेतली, मॅट फिनिशची. व्हिट्रिफाइड टाइल वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी पिते. भिंतीची सिरॅमिक टाइल दहा टक्क्यांच्या वर पिते, त्यामुळे दुकानदार कितीही स्वस्तात देवो, ती जमिनीला नको. दुकानात टाइल खाली ठेवायला लावली, वर पाणी ओतलं आणि चप्पल काढून पाय घासून पाहिला. दुकानदार हसला. हसू दे. चकचकीत टाइलवर पाय कसा सटकतो ते त्याच्या एसीत बसून कळत नाही.

आकाराबद्दल कोणी सांगत नाही म्हणून सांगते. दोन बाय चारच्या मोठ्या टाइलची सध्या फार चलती आहे, सांधे कमी म्हणून. पण मोठा तुकडा जाळीकडे चारी बाजूंनी उतार घेऊ शकत नाही. म्हणून स्वयंपाकघरात दोन बाय दोन, आणि वॉशिंग मशीन असलेल्या वॉश एरियात एक बाय एकची खरबरीत टाइल. तिथे नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जाण्याच्या जाळीकडे, मीटरला एक सेंटिमीटर उतार धरला. दोन्हींच्या मध्ये ग्रॅनाइटची पट्टी उंबऱ्यासारखी वर काढून घेतली. टाइल बसवण्याआधी वॉटरप्रूफिंगवर पाणी तुंबवून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी काकूंकडे जाऊन छत बघून आले. चहाही झाला.

सांध्यांत एपॉक्सी भरली. सिमेंटची भरण पाणी आणि तेल दोन्ही पिते, वर्षभरात काळी पडते. एपॉक्सी महाग, आणि आपल्या उन्हाळ्यात फार लवकर घट्ट होते. मिस्त्रीला थोडी थोडीच कालवायला सांगा, आणि टाइलवर सांडलेली तिथल्या तिथे पुसायला. वाळल्यावर ती निघता निघत नाही.

मशीनींचं थोडक्यात. वॉशिंग मशीनचा इनलेट पाइप उन्हाने कडक होऊन तडकतो, म्हणून स्टीलच्या जाळीचा लावला. कपडे झाले की तोटी बंद. फ्रिजखाली पाणी दिसलं की आधी आतल्या मागच्या बाजूचं निचऱ्याचं भोक बघावं, बहुतेक वेळा तेच तुंबलेलं असतं. कोमट पाणी सोडलं की मोकळं होतं. आरओची वाया जाणारी नळी लोक सिंकमध्ये नुसती सोडतात. भांडी घासताना ती हलते आणि मग ओट्यावर पाणी. आमची क्लिपने बांधलेली आहे.

गळती शोधायला बोअरचं जड पाणी मात्र मदतच करतं. थेंब वाळला की मागे क्षारांची पांढरी रेघ उरते. ती उलट दिशेने धरत गेलं की सैल झालेला सांधा सापडतो. यासाठी ट्रॉलीखालची पट्टी सुताराला स्क्रूने ठोकू दिली नाही, क्लिपवर ठेवायला लावली. ट्रॉलीलाही आयएस ७१० चा मरीन प्लायच घेतला, साधा प्लाय ओल लागली की फुगतो. आता सिलेंडर बदलायच्या दिवशी पट्टी काढून आत टॉर्च मारते, नाहीतरी त्या दिवशी खाली वाकावंच लागतं.