दुचाकी प्रदर्शनात जाणत्या माणसापर्यंत कसा पोहोचलो : माझा अनुभव

कोल्हापुरात दुचाकींचे प्रदर्शन भरले की संध्याकाळी मैदानावर पाय ठेवायला जागा उरत नाही, म्हणून मी मुद्दाम कामाच्या वारी रजा टाकून सकाळी दारे उघडताच आत गेलो. नवी गाडी घ्यायचा माझा विचार नव्हता. माझी 2016 सालची दीडशे सीसीची कार्बोरेटरची मोटारसायकल वर्षभर त्रास देत होती आणि ती ज्या कंपनीने बनवली तिच्याच माणसाला मला काही विचारायचे होते. सकाळी चोक ओढल्याशिवाय ती सुरू होत नसे, कावळा नाक्याच्या सिग्नलला थांबली की बंद पडे आणि पन्हाळ्याच्या चढावर अर्धा थ्रॉटल दिला की अडखळे. सर्व्हिस सेंटरमध्ये दर वेळी कार्बोरेटर साफ करून बिल हातात मिळे आणि वर ‘हल्ली पेट्रोलच तसं येतंय, आम्ही काय करणार’ हे उत्तर मिळे. पेट्रोल बदलले आहे हे मलाही ठाऊक होते. देशभर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले आहे आणि त्यातले काही इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या आसवनीतून निघते. पण पेट्रोलातल्या बदलाने माझ्या गाडीत नेमके काय होते आणि त्यावर काय करायचे, हे सांगणारा माणूस मला भेटत नव्हता.

कंपनीच्या स्टॉलवर समोर उभी असलेली मुले अतिशय अदबीने वागत होती, परंतु त्यांचे काम टेस्ट राइडसाठी नाव लिहून घेण्याचे आणि हप्ता किती बसेल हे सांगण्याचे होते. माझा प्रश्न ऐकून एकाने ‘सर, नवीन मॉडेल ई-20 कम्प्लायंट आहे’ एवढेच तीनदा सांगितले. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याला जेवढे शिकवून पाठवले होते तेवढे त्याने चोख सांगितले. मी तिथून निघून मागच्या बाजूला गेलो, जिथे कापलेले इंजिन स्टँडवर लावून ठेवले होते. अशा इंजिनाच्या आसपास कंपनीचा एखादा तरी तांत्रिक माणूस असतो, असा माझा अंदाज होता.

माझी नोकरी शिरोलीच्या एका फाउंड्रीत गुणवत्ता तपासणीची आहे, त्यामुळे ते इंजिन मी जरा जास्तच वेळ पाहत राहिलो. सिलिंडरच्या अॅल्युमिनियममध्ये बिडाचा लायनर, म्हणजे आतली नळकांडी, बसवलेला होता आणि कापलेल्या कडेवर दोन्ही धातूंचे रंग वेगळे दिसत होते. लायनरच्या बाहेरच्या अंगाला बारीक काटे होते आणि अॅल्युमिनियम त्या काट्यांभोवती ओतले जाऊन घट्ट बसले होते. हे काटे ओतकामातच येतात की नंतर काढले जातात, असे मी जवळच उभ्या असलेल्या एका तरुण मुलीला विचारले. ‘ओतकामातच येतात, काका. तुम्ही फाउंड्रीतले का?’ असे म्हणत ती हसली. ती कंपनीच्या इंजिन चाचणी विभागात होती आणि मूळची इचलकरंजीची निघाली. त्यानंतर ओळख वाढवायला वेगळे काही करावे लागले नाही.

मी खिशात गाडीचा जुना स्पार्क प्लग, सर्व्हिसची बिले आणि फ्लोट चेंबरचा (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीचा) मोबाइलवर काढलेला फोटो घेऊन गेलो होतो. प्लग तिने मोबाइलच्या उजेडात फिरवून पाहिला. त्याचे पांढरे चिनी मातीचे टोक करडे किंवा तांबूस दिसायला हवे ते जवळजवळ स्वच्छ पांढरे होते. मी लगेच निष्कर्षाची वाट पाहू लागलो, पण तिने आधी मलाच विचारले की हा प्लग काढण्यापूर्वी गाडी कशी बंद केली होती. स्लोला, म्हणजे थ्रॉटल न देता, बराच वेळ चालू ठेवून प्लग काढला तर त्या रंगावरून भर वेगातल्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणाबद्दल काही सांगता येत नाही, असे तिचे म्हणणे होते. सर्व्हिस सेंटरमध्ये इतका नेमका प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता.

मग तिने कागदावर आकडे मांडले. निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे 9 पट, त्यामुळे 20 टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. इथेनॉलमध्ये प्राणवायू आधीच असल्याने हवा कमी पुरते. कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल फवारणाऱ्या नव्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर ही तफावत ओळखून इंधन वाढवतो. धुराच्या प्रदूषणाचे भारत स्टेज 6 हे निकष 1 एप्रिल 2020 पासून लागू झाल्यानंतर बहुतेक मोटारसायकलींत इंजेक्शन आले, पण माझ्या कार्बोरेटरच्या जेटचे, म्हणजे ज्यातून पेट्रोल येते त्या बारीक तोटीचे, भोक जेवढे आहे तेवढेच राहते. म्हणून मिश्रण पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, आणि ते सर्वांत आधी थंड इंजिनात व स्लोला जाणवते. ॲव्हरेजबद्दल मी विचारले तेव्हा तिने खोटा दिलासा दिला नाही. निती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात अशा जुन्या दुचाकींसाठी 3 ते 4 टक्के घट धरली आहे, इथेनॉलमध्ये मुळातच उष्मांक कमी असल्याने ती कुठल्याही सेटिंगने पूर्ण भरून निघणार नाही, हे तिने स्पष्ट सांगितले.

रबराच्या भागांविषयी विचारताच ‘हा माझा विषय नाही, थांबा’ म्हणून तिने आपल्या एका सहकाऱ्याला बोलावून आणले. माझ्या मते जाणत्या माणसाची खरी खूण तिथे दिसली. ते गृहस्थ मटेरियल विभागाचे होते. त्यांनी नव्या गाडीच्या पेट्रोल पाइपचा तुकडा कापून आणला होता आणि आतला वेगळा थर नखाने दाखवला. हा फ्लोरोइलास्टोमरचा, म्हणजे एका खास रबराचा, थर इथेनॉलने फुगत नाही, तर जुन्या पाइपचे साधे रबर आधी फुगते व नंतर कडक होऊन त्याचे कण सुटतात. निडल व्हॉल्व्हच्या (फ्लोट चेंबरमध्ये येणारे पेट्रोल रोखणाऱ्या सुईच्या) टोकाचे रबर, ओ-रिंग आणि पेट्रोल कॉकचे वॉशर हेही त्याच वेळी बदला, असे त्यांनी सुचवले. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबरचा स्क्रू सैल करून त्यातले पेट्रोल काढून टाकावे, कारण इथेनॉल हवेतली ओल धरते आणि पितळेचे बारीक जेट त्याने खराब होतात, हेही सांगितले. बाजारात मिळणाऱ्या टाकीत ओतायच्या औषधांबद्दल दोघांनीही काहीच शिफारस केली नाही.

सर्व्हिस सेंटरच्या तक्रारीबद्दल मात्र त्यांनी हात झटकले. तो विभाग वेगळा, तिथे लेखी कळवा, एवढेच म्हणाले. मला ते खटकले, पण दोघांनी मला दिलेला वेळ लक्षात घेता तो विषय मी पुढे ताणला नाही.

तिथून मी कागद घेऊन सरळ उद्यमनगरातल्या ओळखीच्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी कार्बोरेटर खोलला, निडल व्हॉल्व्हचे टोक बोटांत धरून माझ्यासमोर दाबले तर त्यावर खाच पडलेली दिसली, आणि पाइप वाकवताच आत चिरा उघडल्या. ‘नुसतं साफ करून भागायचं न्हाई सायेब, हे बदलायच पायजे हुतं की पयल्यांदा,’ असे ते म्हणाले. त्यांनी रबराचे सगळे भाग बदलले आणि मिश्रणाचा स्क्रू थोडा थोडा फिरवत इंजिनाचा आवाज सरळ होईपर्यंत वाढवला. आता गाडी कावळा नाक्याला उभी राहिली तरी बंद पडत नाही. चढावरचे अडखळणे मात्र अजून थोडे आहे. मेस्त्रींच्या मते मेन जेट (भर वेगात पेट्रोल देणारा मुख्य जेट) एक नंबर मोठा टाकावा, तर त्या मुलीने भर लोडवर चालवून प्लग पाहिल्याशिवाय जेटला हात लावू नका असे बजावले होते, म्हणून नवा प्लग लावून पन्हाळ्याच्या चढावर गाडी न्यायची, इंजिन तिथेच झटकन बंद करायचे आणि प्लग जागेवरच काढून पाहायचा, असे आमचे ठरले आहे.