आमची वाटचाल : जे गेम बाजारात आलेच नाहीत

आमची कंपनी व्हिडिओ गेमसाठी थ्रीडी वस्तू बनवते. पडकी भिंत, जीपचं चाक, दवाखान्यातला स्ट्रेचर, विजेचा खांब. खेळणाऱ्याच्या नजरेसमोरून क्षणभरात निघून जाणाऱ्या या वस्तू कुणीतरी बसून घडवलेल्या असतात, आणि मोठ्या गेममध्ये त्या हजारोंनी लागतात. अमेरिका, युरोप आणि जपानमधले स्टुडिओ सगळं काम आपल्याच माणसांकडून करून घेत नाहीत; त्यातलं बरंचसं चीन, मलेशिया, पूर्व युरोप आणि भारतातल्या कंपन्यांकडे येतं. पुण्यात असं काम करणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांतली आमची एक छोटी. २०११ साली कर्वेनगरला भाड्याच्या दोन खोल्यांत सुरुवात केली. आज बाणेरला ऑफिस आहे आणि जवळपास चाळीस जण काम करतात.

अशा लेखात केलेल्या कामांची यादी द्यायची पद्धत असते. आमची सगळ्यांत मोठी कामं मात्र मला यादीत घालता येत नाहीत. गुप्ततेच्या कराराने तोंड बांधलेलं असतं हे एक, आणि त्यातले बरेच गेम बाजारात आलेच नाहीत हे दुसरं. कंपनी उभी राहिली ती मात्र याच कामांवर. पगार त्यातून झाले, माणसं त्यात तयार झाली. म्हणून लिहायचं तर त्यांच्याबद्दलच लिहायला हवं.

कामाचं स्वरूप कळावं म्हणून एक वस्तू सांगतो. एका गेममधल्या ओसाड गावात हापसा हवा होता. क्लायंटकडून एक रंगीत चित्र आणि मापं आली. आमच्या आर्टिस्टने सासवडकडच्या आपल्या गावी जाऊन तिथल्या जुन्या हापशाचे जवळून फोटो काढून आणले. मग माया या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ढोबळ आकार, तो मंजूर झाल्यावर झीब्रश या डिजिटल शिल्पकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये बारीक काम : ओतीव लोखंडाचा खरखरीत पोत, वेल्डिंगचे सांधे, दांड्याला बसलेला पोचा. त्यानंतर तीच वस्तू कमी पॉलिगॉनमध्ये (वस्तूचा पृष्ठभाग ज्या छोट्या सपाट तुकड्यांनी बनतो त्यांत) पुन्हा बांधायची, तिच्यावर बारीक कामाचा नकाशा बेक करायचा, म्हणजे ते बारकावे चित्ररूपाने तिच्यावर उतरवायचे, आणि सबस्टन्स पेंटर या सॉफ्टवेअरमध्ये रंग चढवायचा. हात लागून लागून दांडा जिथे गुळगुळीत झाला तिथे चकाकी, बोल्टभोवती पाणी मुरतं तिथे गंज, बुडाशी शेवाळ. तिकडून शेरा आला की पाणी पडतं त्या बाजूला गंज जास्त दिसायला हवा. शेरा रास्त होता, आम्ही बदल केला. हापसा मंजूर झाला, गेमच्या गावात उभा राहिला, त्या गावाचे स्क्रीनशॉटही आम्हाला आले. पुढच्या तिमाहीत तो गेम रद्द झाला.

रद्द झाल्याचा ईमेल चार ओळींचा असतो. काम आहे त्या स्थितीत थांबवा, सर्व फाइल्स सर्व्हरवर चढवा, आपल्या प्रती पुसून टाका, आजवरच्या कामाचं बिल पाठवा. कारण लिहिलेलं नसतं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा सगळ्या टीमला एकच प्रश्न पडला होता : आपलं काम कमी पडलं का? या प्रश्नाने माणसं खचतात हे मी जवळून पाहिलं आहे. म्हणून त्याचं खरं उत्तर शोधायला मी बराच वेळ दिला. मोठे गेम का बंद पडतात हे जितकं उघडपणे नोंदलं गेलं आहे तितकं वाचून काढलं, आणि या धंद्यात जुन्या झालेल्या लोकांशी बोलत राहिलो. माझं मत असं झालं आहे की काम वाईट झालं म्हणून बंद पडलेले मोठे गेम थोडे. बहुतेक गेमना वेळच खातो. गेमला पाच-सहा वर्षं लागतात, आणि ज्या कारणासाठी पैसा मंजूर झालेला असतो ते कारण तितकी वर्षं टिकत नाही.

आधी पैशाचा हिशेब बघा. अमेरिकेतल्या स्टुडिओचा खर्च माणशी महिना दहा हजार डॉलर असा ढोबळमानाने धरला जायचा. आता तो त्याहून वरच जातो. दोनशे माणसांचा स्टुडिओ म्हणजे महिन्याला वीस लाख डॉलर, पाच वर्षांत बारा कोटी. जाहिरात वेगळी. मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम कंपनी घेण्याचा व्यवहार तपासताना ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने २०२३ साली नोंदवलं की २०२४-२५ मध्ये येणाऱ्या मोठ्या गेमचं नुसतं निर्मितीचं बजेट २० कोटी डॉलर किंवा त्याहून जास्त आहे. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कोर्टात आलेल्या सोनीच्या कागदांमधून 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'चा खर्च सुमारे २२ कोटी डॉलर असल्याचं बाहेर आलं. एवढा पैसा लावणारा पब्लिशर, म्हणजे गेम बाजारात आणणारी कंपनी, दर टप्प्यावर एकच प्रश्न विचारतो. आजवर किती गेले हे तो बघत नाही, ते गेलेच. इथून पुढे किती लागतील आणि सुटतील किती, एवढंच त्याला ठरवायचं असतं.

ब्लिझार्डचा 'टायटन' याचं ठळक उदाहरण. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' तुफान चाललेला असताना त्याच कंपनीने त्याहून मोठा ऑनलाइन गेम करायला घेतला. सुमारे सात वर्षं काम चाललं आणि २०१४ च्या सप्टेंबरमध्ये तो सोडून दिल्याचं जाहीर झालं. कंपनीच्या प्रमुखांनीच सांगितलं की त्यात मजा सापडली नाही. पैसा, माणसं, अनुभव, कशाचीच कमी नव्हती. सात वर्षांच्या मेहनतीवर पाणी सोडायला धैर्य लागतं, आणि मला या निर्णयाबद्दल आदरच वाटतो, कारण त्यातलीच माणसं आणि कल्पना घेऊन त्यांनी 'ओव्हरवॉच' उभा केला. तो २०१६ ला आला आणि गाजला.

'स्टार वॉर्स १३१३' चं तसं नव्हतं. २०१२ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या ई३ प्रदर्शनात त्याचा तुकडा पाहून लोक थक्क झाले होते. आम्ही ऑफिसात तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. धातूवरचा ओलावा आणि धुरातला उजेड त्यांनी कसा साधला यावर दिवसभर चर्चा चालली. ऑक्टोबरमध्ये डिस्नेने 'स्टार वॉर्स'ची मूळ कंपनी लुकासफिल्म विकत घेत असल्याचं जाहीर केलं. २०१३ च्या एप्रिलमध्ये लुकासफिल्मच्या लुकासआर्ट्स या गेम कंपनीचा निर्मिती विभाग बंद झाला आणि गेमही गेला. मालक बदलला, नव्या मालकाला लुकासआर्ट्समध्ये गेम बनवायचेच नव्हते. तिथल्या आर्टिस्टने रात्रीचा दिवस केला असता तरी काही फरक पडला नसता.

जपानच्या प्लॅटिनमगेम्सचा 'स्केलबाउंड' २०१४ ला मायक्रोसॉफ्टने वाजतगाजत दाखवला आणि २०१७ च्या जानेवारीत रद्द केला. दिग्दर्शक हिदेकी कामिया यांनी पुढे मोकळेपणाने सांगितलं की अनरिअल इंजिन (गेम बांधायचं तयार सॉफ्टवेअर) आणि ऑनलाइन खेळ या दोन्हींचा अनुभव त्यांच्या टीमला नव्हता. महत्त्वाकांक्षा आणि वेळापत्रक यांचा मेळ बसला नाही. हे कारण मला फार जवळचं वाटतं. नवं तंत्र शिकणं आणि त्याच तंत्रात आजवरचं सर्वोत्तम काम करणं एकाच वेळी चालू असलं की पहिली दोन वर्षं शिकण्यातच जातात, आणि पब्लिशर ती मोजत असतो.

सोनीच्या नॉटी डॉग स्टुडिओने २०२३ च्या डिसेंबरमध्ये 'द लास्ट ऑफ अस ऑनलाइन' थांबवला, तोही गेम वाईट होता म्हणून नाही. ऑनलाइन गेम एकदा आणला की त्याला वर्षानुवर्षं नवं काही पुरवत राहावं लागतं, आणि त्यात अख्खा स्टुडिओ अडकला असता; आपण ज्या कथाप्रधान गेमसाठी ओळखलो जातो ते करता आले नसते, असं त्यांनी स्वतः लिहिलं. सेगाने 'हायनाज' तर लोकांना चाचणीसाठी खेळायला दिल्यानंतर २०२३ च्या सप्टेंबरमध्ये बंद केला. इतक्या उशिरा कोण थांबवतं असं बऱ्याच जणांनी विचारलं. पण सर्व्हर आणि जाहिरातीचा खर्च पुढे उभाच असतो. सोनीचा 'कॉनकॉर्ड' २०२४ च्या २३ ऑगस्टला बाजारात आला, ६ सप्टेंबरला बंद झाला, आणि घेणाऱ्यांचे पैसे परत द्यावे लागले. ते पाहिलं की 'हायनाज'मागचा हिशेब समजतो.

आमच्यासारख्यांना हे फटके जास्त का बसतात, तर आम्ही गेममध्ये शिरतोच मुळी उशिरा. सुरुवातीला वीस-तीस माणसं कल्पना तपासत असतात. मग एक नमुना-तुकडा पूर्ण दर्जाचा करून दाखवतात. तो मंजूर झाला की खरं उत्पादन सुरू होतं आणि हजारो वस्तूंची मागणी निघते. तेव्हा आम्हाला काम मिळतं. त्याच घडीला पब्लिशरचा महिन्याचा खर्च कित्येक पटींनी वाढतो, आणि थांबायचं असेल तर हीच वेळ असते. आमचा उत्तम काळ आणि आमच्यावरचं संकट एकाच महिन्यात येतं.

२०२० आणि २१ मध्ये लोक घरात अडकले होते, गेम भरपूर विकले गेले आणि पब्लिशरांनी सढळ हाताने नवे प्रकल्प मंजूर केले. आम्ही माणसं घेतली. मग अमेरिकेतला व्याजदर २०२२ च्या सुरुवातीला जवळजवळ शून्यावर होता तो २०२३ च्या जुलैपर्यंत सव्वापाच टक्क्यांच्या पुढे गेला. पैसा महाग झाला की पाच वर्षांनी परतावा देणारी वस्तू सगळ्यांत आधी कात्रीत सापडते. आमचे दोन मोठे क्लायंट त्या काळात लागोपाठ थांबले. एकाने झालेल्या कामाचं बिल वेळेवर चुकतं केलं. दुसऱ्याने अर्धवट राहिलेल्या वस्तू 'मंजूर नाहीत' म्हणून त्यांचे पैसे अडवले, आणि त्यातले काही आजही आलेले नाहीत. मी आणि माझ्या भागीदाराने पगार उचलला नाही, बँकेची कर्जमर्यादा वाढवून घेतली आणि एकाही माणसाला काढलं नाही. याचा मला अभिमान आहे.

त्यानंतर आम्ही करार बदलले. आता वस्तू तीन टप्प्यांत मोडतो आणि दर टप्प्याचं बिल वेगळं लागतं, त्यामुळे काम मध्येच थांबलं तरी झालेलं काम पदरात पडतं. प्रकल्प रद्द झाला तर तीस दिवसांची सूचना किंवा तितक्या दिवसांचा मोबदला, हे कलम असल्याशिवाय सही करत नाही. एका क्लायंटकडून वर्षाच्या उलाढालीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त काम घेत नाही. येणाऱ्या वादळाच्या खुणाही आता ओळखता येतात : शेरे उशिरा येऊ लागतात, मंजूर झालेली शैली पुन्हा उघडली जाते, नवा आर्ट डायरेक्टर येतो, पुढच्या खेपेची यादी निम्मी होते. अशी दोन लक्षणं एकत्र दिसली की मी लगेच दुसरीकडे कामं शोधायला लागतो.

मला सगळ्यांत जास्त काळजी आहे ती आर्टिस्टच्या पोर्टफोलिओची. गेम बाजारात आला की त्यातलं आपलं काम परवानगीने दाखवता येतं, श्रेयनामावलीत नाव येतं. गेम रद्द झाला तर दोन वर्षांचं उत्कृष्ट काम कुणालाच दाखवता येत नाही. हापसा करणाऱ्या आमच्या आर्टिस्ट मुलीच्या आयुष्यातली सर्वांत समृद्ध दोन वर्षं अशी कोरी दिसतात. तिच्या हाताखाली शिकलेली मुलं तिच्यापुढे निघून जातात, कारण त्यांचे गेम आले. हा अन्याय आहे, आणि तो दूर करायला पब्लिशरला एक पैसा लागत नाही.

म्हणून आता प्रत्येक करारात आम्ही एक मागणी ठेवतो : प्रकल्प रद्द झाल्यावर बारा महिन्यांनी, गेमचं नाव, बोधचिन्ह आणि कथेचा मागमूस न देता, सुट्या वस्तू आर्टिस्टला आपल्या नावाने दाखवू द्याव्यात. बहुतेकांचे वकील ती खोडून परत पाठवतात. दोन क्लायंटनी मात्र मान्य केली, त्यातला एक तर स्वतः रद्द झालेल्या प्रकल्पातून पोळलेला होता. पुढच्या महिन्यात एका युरोपियन स्टुडिओशी नवा करार व्हायचा आहे. त्याच्या मसुद्यात हे कलम सातव्या क्रमांकावर घातलं आहे, आणि दराची बोलणी सुरू करण्याआधी त्याच्यावर बोलायचं असं आम्ही ठरवलं आहे.